हौशी रेडिओ : टाकून दिलेल्या लहरींचा छंद

हौशी रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेऊन, स्वतःच्या घरातून, कोणत्याही आर्थिक लाभाशिवाय रेडिओलहरींवर केलेला संवाद आणि प्रयोग. तो करणाऱ्याला जगभर 'हॅम' म्हणतात. पूर्वीचे तारमास्तर अडखळत तार मारणाऱ्या नवशिक्याला याच शब्दाने हिणवत; हौशी मंडळींनी तो शब्द आपलासा केला आणि मानाने मिरवला. प्रत्येक हॅमला सरकार एक 'कॉल साइन' देते. अक्षरे आणि आकडा मिळून बनलेले हे नाव जगात दुसऱ्या कोणाचेही नसते. भारतात मुख्य भूमीवरची ही नावे बहुधा 'व्हीयू२' किंवा 'व्हीयू३' अशी सुरू होतात. अंदमान-निकोबारसाठी 'व्हीयू४' आणि लक्षद्वीपसाठी 'व्हीयू७' राखून ठेवले आहे.

या परवान्याचे एक वैशिष्ट्य आधीच सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा इतिहास त्यातून निघतो. मोबाइल फोन, वॉकीटॉकी, वायफायचे खोके या प्रत्येक यंत्राला बाजारात येण्याआधी मान्यता लागते; वापरणाऱ्याला त्यातले काही कळावे अशी अपेक्षा नसते. हौशी रेडिओत याच्या उलट आहे. येथे परीक्षा माणसाची होते. ती उत्तीर्ण झालेल्याने स्वतः जोडलेला, कुठल्याही कारखान्याचा शिक्का नसलेला ट्रान्समीटर हवेवर आणला तरी ते कायद्याला मान्य असते. सामान्य नागरिकाला प्रक्षेपणयंत्र बनवून चालवण्याची एवढी मोकळीक दुसऱ्या कोणत्याही परवान्यात नाही.

या छंदाचा आरंभ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाला. मार्कोनीने डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडे संदेश पोचवल्याचे जाहीर केल्यावर अमेरिकेत आणि युरोपात घरोघरी ठिणगीचे ट्रान्समीटर उभे राहिले. ठिणगीने निघणारी लहर एका जागी राहत नाही, सगळीकडे पसरते. त्यामुळे पोरांचे खेळ, जहाजांचे निरोप आणि नौदलाचे हुकूम एकमेकांत मिसळू लागले. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर हवेवरच्या या गोंधळाला शिस्त लावण्याची मागणी वाढली आणि त्याच वर्षी अमेरिकेने रेडिओ कायदा केला. त्यात हौशींना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरी दिल्या गेल्या. त्या काळच्या समजुतीप्रमाणे लहर जेवढी लांब तेवढा तिचा पल्ला मोठा, म्हणून व्यापारी कंपन्या हजारो मीटर लांबीच्या लहरी वापरत. आखूड लहरी कोणालाच नको होत्या. त्या देऊन टाकल्या म्हणजे हौशींचा उपद्रव आपोआप संपेल, असा हिशेब होता.

हिशेब चुकला. १९१४ मध्ये हायरम पर्सी मॅक्झिमच्या पुढाकाराने अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन झाली. एका हॅमने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असा निरोप पुढे देत देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा, ही तिची मूळ कल्पना. लीगच्या नावातला 'रिले' हा शब्द त्यावरूनच आला. मग प्रश्न निघाला, की मधले हात नसतील तर एका उडीत कुठवर जाता येईल? डिसेंबर १९२१ मध्ये लीगने पॉल गॉडली या तज्ज्ञाला रिसीव्हर देऊन स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, आर्ड्रोसन येथे पाठवले. त्याने समुद्राकाठच्या ओल्या शेतात तंबू ठोकला, जमिनीलगत सुमारे ४०० मीटर लांब तार ताणली आणि कडाक्याच्या थंडीत रात्रभर कान लावून बसला. कनेक्टिकटमधल्या '१बीसीजी' या हौशी केंद्राचा संदेश त्याला स्पष्ट ऐकू आला. लहर होती साधारण २३० मीटरची, तज्ज्ञांनी निकामी ठरवलेल्या टप्प्याच्या अगदी सीमेवरची.

तो एकतर्फी संदेश होता. नोव्हेंबर १९२३ मध्ये हार्टफर्डचा फ्रेड श्नेल आणि फ्रान्समधल्या नीसचा लेऑं देलॉय यांनी सुमारे ११० मीटरवर दुतर्फा बोलणे साधले. म्हणजे लहर निम्म्याने आखूड केली तरी पल्ला घटला नाही, उलट वाढला. त्यानंतर हॅम दर महिन्याला आणखी आखूड लहरींकडे सरकू लागले आणि १८ ऑक्टोबर १९२४ रोजी या शर्यतीचा कळस झाला. न्यूझीलंडमध्ये शॅग व्हॅलीतल्या आपल्या मेंढ्यांच्या कुरणावर रेडिओ चालवणाऱ्या फ्रँक बेलने इंग्लंडला साद घातली आणि लंडनच्या मिल हिल शाळेतून सेसिल गॉयडर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याला उत्तर दिले. पृथ्वीच्या गोलावर याहून लांबचा संवाद जवळजवळ शक्यच नाही.

हे गॉयडर पुढे भारतात आले. १९३६ पासून ते ऑल इंडिया रेडिओचे मुख्य अभियंता होते आणि देशाच्या लघुलहरी प्रक्षेपणाची पहिली उभारणी त्यांच्या देखरेखीखाली झाली. एवढा मोठा देश मोजक्या केंद्रांनी झाकायचा तर लघुलहरींवाचून तरणोपाय नाही, हे ज्याने शाळेच्या खोलीत बसून अनुभवले होते, त्याच्याच हाती हे काम आले. भारतीय नभोवाणीच्या इतिहासात या योगायोगाची नोंद क्वचितच दिसते. ती ठळकपणे व्हायला हवी.

आखूड लहरी एवढ्या लांब का जातात, याचे उत्तर हॅम मंडळींकडे नव्हते. त्यांच्याकडे पुरावा होता. ऑलिव्हर हेविसाइड आणि आर्थर केनेली यांनी १९०२ मध्येच, वातावरणाच्या वरच्या भागात विजेचे वहन करणारा थर असावा असा तर्क मांडला होता. एडवर्ड ॲपल्टनने १९२४ च्या अखेरीस प्रयोगाने तो सिद्ध केला आणि त्या कामाबद्दल त्याला १९४७ चे नोबेल मिळाले. भारतात कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्रांनी याच विषयाला आयुष्य वाहिले. वरच्या वातावरणावरचा त्यांचा १९४७ चा ग्रंथ जगभर वापरला गेला. या भागाला मराठीत आयनांबर म्हणतात. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी तिथल्या विरळ हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि हे सुटे इलेक्ट्रॉन रेडिओलहरीला वाकवून पुन्हा जमिनीकडे धाडतात.

आयनांबरात थर आहेत आणि त्यांचे स्वभाव निरनिराळे आहेत. साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा 'डी' थर दिवसा असतो आणि लांब लहरींना शोषून घेतो. मध्यम लहरींवरची दूरची केंद्रे रात्रीच ऐकू येतात याचे कारण हेच : सूर्य मावळताच डी थर विरतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर 'ई' थर आहे. त्याच्याही वर, अडीचशे ते चारशे किलोमीटरवरचा 'एफ' थर लघुलहरींचा खरा आरसा. तिथून परतलेली लहर एका उडीत तीन-चार हजार किलोमीटर गाठते, जमिनीवरून वा समुद्रावरून पुन्हा वर जाते आणि पुन्हा खाली येते.

पुण्यातल्या आणि नागपुरातल्या हॅमच्या रोजच्या व्यवहारात हे ज्ञान असे उतरते. ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्याला, तरंगलांबीवरून, 'चाळीस मीटर' म्हणतात. या वारंवारतेची लहर जवळजवळ सरळ डोक्यावर सोडली, तर दिवसा ती वरून परतून भोवतालच्या काहीशे किलोमीटरच्या वर्तुळात छत्रीसारखी पसरते. सह्याद्री मध्ये येत नाही, कारण लहर त्याच्या अंगावरून जात नाही, डोक्यावरून येते. म्हणून कोकणातला हॅम सकाळी मराठवाड्याशी शांतपणे बोलू शकतो. त्याला युरोप हवा असेल तर तो २० मीटरच्या पट्ट्यावर जातो. रात्री खाली ८० मीटरवर. आणि १० मीटरचा पट्टा, जो वर्षानुवर्षे मुका असतो, तो सौरडाग वाढले की असा उघडतो, की बल्बएवढ्या शक्तीवर दक्षिण अमेरिका ऐकू येते. सौरडागांचे चक्र सुमारे अकरा वर्षांचे असते. चालू चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. हॅमला सूर्याची अशी दखल रोज घ्यावी लागते. शेतकरी सोडला तर दुसऱ्या कोणाच्या दिनक्रमात सूर्य एवढा मुरलेला नसेल.

याउलट १४४ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे दोन मीटरच्या लहरींना आयनांबर परत पाठवत नाही. त्या दृष्टीच्या रेषेत जातात. अँटेना जितक्या मीटर उंच, त्या संख्येच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. भोवतालच्या सपाटीहून सातशे मीटर उंच उठलेल्या सिंहगडासारख्या डोंगरावरून हे अंतर शंभर किलोमीटरच्या वर भरते. गडकिल्ल्यांची हौस आणि रेडिओची हौस महाराष्ट्रात एकाच माणसात अनेकदा सापडते, यात नवल नाही.

भारतात अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी १९२१ मध्ये कोलकात्यात '२जेके' या नावाने हौशी रेडिओ चालवला. तो देशातला पहिला मानला जातो. त्यानंतर कोलकात्यात आणि मुंबईत रेडिओ क्लब निघाले आणि या क्लबांनीच छोट्या ट्रान्समीटरवरून कार्यक्रम लावायला सुरुवात केली. मुंबईत जुलै १९२७ मध्ये इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, त्याच्या आधीची तीनेक वर्षे मुंबईकरांनी जे ऐकले ते हौशी लोकांचे काम होते. १९२५ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ स्थापन झाला; त्याचा १८ एप्रिल हा दिवस आजही जागतिक हौशी रेडिओ दिन म्हणून पाळतात. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत ८०, ४०, २० मीटर हे पट्टे हौशींच्या नावे झाले. मोठ्या कंपन्या आणि सरकारे तोवर लघुलहरींवर तुटून पडली होती. ज्यांनी त्यांची किंमत दाखवून दिली, त्यांच्या वाट्याला अरुंद फटी उरल्या.

दुसरे महायुद्ध सुरू होताच सरकारने परवाने रद्द केले आणि यंत्रे जमा करायला लावली. या बंदीतून मुंबईच्या इतिहासातले एक प्रकरण घडले. नरिमन प्रिंटर हे मुंबईतले हॅम. परवाना गेल्यावर त्यांनी आपल्या ट्रान्समीटरचे भाग सुटे करून ठेवले होते. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे नेते तुरुंगात गेल्यावर उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त रेडिओ चालवायचे ठरवले, तेव्हा यंत्र प्रिंटर यांनी उभे केले. २७ ऑगस्टला काँग्रेस रेडिओ बोलू लागला. पोलिसांच्या शोधगाड्यांना चुकवत तो मुंबईत घरामागून घरे बदलत राहिला. बातम्या, भाषणे आणि वर्तमानपत्रांत छापण्यास बंदी असलेला मजकूर त्यावरून जाई; राममनोहर लोहियांचा त्यात मोठा वाटा होता. १२ नोव्हेंबरच्या रात्री प्रक्षेपण चालू असतानाच पोलिसांनी दार फोडले. पकडल्या गेलेल्या प्रिंटर यांच्याकडूनच त्यांना पत्ता मिळाला होता, ही या प्रकरणाची दुःखद बाजू. मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली.

उषा मेहतांनी नंतर सांगितलेल्या आठवणीनुसार हे केंद्र आपली तरंगलांबी ४२.३४ मीटर म्हणून घोषित करी. प्रकाशाच्या वेगाला या आकड्याने भागले की ७.०८ मेगाहर्ट्झ येतात. आज सकाळी महाराष्ट्रातले हॅम ज्या चाळीस मीटरवर एकमेकांची विचारपूस करतात, तोच हा पट्टा. प्रिंटर यांनी दुसरीकडे जाण्याचे कारण नव्हते. हौशी ट्रान्समीटर त्यासाठीच जुळवलेला असणार, आणि दिवेलागणीच्या वेळी देशभर पोचायला याहून चांगली जागा नाही. गोव्याच्या मुक्तिसंग्रामातही असेच गुप्त केंद्र चालले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ पासून १९६१ पर्यंत सीमेवरच्या जंगलातून पोर्तुगीज आणि कोकणीत प्रक्षेपण केले. ते हॅम नव्हते, पण चार माणसे, एक यंत्र आणि झाडाला बांधलेली तार एवढ्यावर काय होऊ शकते याचा तो पुरावा आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये महू येथे हौशींची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. पुढची तीस-चाळीस वर्षे भारतीय हॅमची मुख्य अडचण एकच होती : सामान. परदेशी ट्रान्सीव्हर (ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकत्र असलेला संच) आयात शुल्कामुळे आवाक्याबाहेर. मग युद्धानंतर मोडीत निघालेले लष्करी रिसीव्हर, जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह आणि गँग कंडेन्सर, भंगारातले ट्रान्सफॉर्मर यांवर काम भागवले जाई. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकाने ही या पिढीची शाळाच होती. दुकानदार गिऱ्हाइकाचा नकाशा बघून अमुक ट्रान्झिस्टर नाही, पण हा चालेल असे सांगत. टंचाईने लोकांना शिकवले, हे खरे. पण टंचाईमुळे कित्येक जण परवाना खिशात घेऊन वर्षानुवर्षे हवेवर येऊच शकले नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

या अडचणीला सगळ्यात सुंदर उत्तर हैदराबादच्या अशहर फरहान यांनी दिले. त्यांची कॉल साइन व्हीयू२ईएसई. २००० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी 'बिटएक्स' नावाच्या ट्रान्सीव्हरचा नकाशा प्रसिद्ध केला. त्याचे मोल कळण्यासाठी थोडे तंत्र समजून घ्यावे लागते. मध्यम लहरींवरच्या साध्या प्रक्षेपणात वाहक लहर आणि तिच्या दोन्ही बाजूंना आवाजाच्या दोन हुबेहूब पट्ट्या असतात. पूर्ण आवाजातही दोन तृतीयांश शक्ती वाहक लहर खाते आणि तिच्यात माहिती काहीच नसते. वाहक आणि एक पट्टी काढून टाकली, तर उरलेल्या एका पट्टीत तेच बोलणे थोड्या शक्तीत लांब जाते. मात्र नको ती पट्टी कापायला धारदार फिल्टर लागतो, आणि तो महाग असे. फरहान यांनी बाजारात काही रुपयांना मिळणारे, घड्याळाच्या ठोक्यासाठी बनलेले सारखे क्रिस्टल ओळीने जोडून तो घरीच बनवला. दुसरी युक्ती अशी, की सर्किटचा प्रत्येक टप्पा दोन्ही दिशांनी चालतो. ऐकताना संदेश डावीकडून उजवीकडे जातो, बोलताना उजवीकडून डावीकडे. म्हणून निम्मे सुटे भाग वाचतात. तारेचे वेटोळे गुंडाळायला खास गाभा मिळत नसेल तर नळाचा नायलॉन वॉशर वापरा, असेही त्यांनी सुचवले. पाच-सहा वॅटचा हा संच जगभर लोकांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर जोडला. नकाशा मोफत होता, चुका आणि सुधारणा सगळ्यांच्या होत्या. तयार यंत्रे विकत घेण्याची ऐपत असलेल्या देशांतले अनुभवी हॅमही पुन्हा सोल्डरिंगकडे वळले, ते भारतात निघालेल्या या नकाशामुळे. भारतीय हौशी रेडिओने जगाला दिलेली ही सर्वात मोठी देणगी आहे, असे म्हणायला हरकत नाही.

हॅमच्या बोलण्याची स्वतःची परिभाषा आहे. 'सीक्यू' म्हणजे कोणीही उत्तर द्या. 'क्यूएसओ' म्हणजे संवाद, 'क्यूटीएच' म्हणजे गाव, 'क्यूआरएम' म्हणजे दुसऱ्या केंद्रांचा अडथळा आणि 'क्यूआरएन' म्हणजे विजांची खरखर. निरोप घेताना 'सेव्हंटी थ्री'. प्रत्यक्ष भेटीला 'आयबॉल क्यूएसओ'. तार मारण्याच्या काळात अक्षरे वाचवायला हे संकेत निघाले. आज त्यांचा खरा उपयोग वेगळा आहे. जपानी, अर्जेंटिनाचा आणि सांगलीचा हॅम एकमेकांची भाषा न जाणताही या शब्दांवर पूर्ण संवाद करतात. व्यापार, संगीत आणि सांकेतिक गुप्त मजकूर यांना हवेवर बंदी आहे. जे बोलायचे ते सगळ्यांना ऐकू जाईल असेच बोलायचे, हा नियम या छंदाच्या सभ्यतेचे मूळ आहे. संवादाची खूण म्हणून टपालाने क्यूएसएल कार्ड पाठवण्याची चाल शंभर वर्षे टिकली आहे. राजीव गांधी हेही हॅम होते. त्यांची कॉल साइन व्हीयू२आरजी.

आपत्तीतल्या उपयोगाबद्दल वर्तमानपत्रांत सर्वाधिक लिहिले जाते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप, या वेळी हॅम यंत्रे घेऊन पोचले. सर्वात ठसठशीत उदाहरण अंदमानचे. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी डिसेंबर २००४ मध्ये पोर्ट ब्लेअरला मोहिमेवर गेले होते. त्या बेटांवरून हौशी रेडिओला अनेक वर्षे परवानगी नव्हती आणि जगभरचे हॅम त्यांच्याशी बोलायला रांग लावून होते. २६ डिसेंबरच्या सकाळी त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले, आणि हाच संच बेटांवरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळवण्याचे साधन झाला. तिथे यंत्र, अँटेना आणि सराव असलेली माणसे आधीपासून होती, म्हणून हे शक्य झाले. आपत्तीच्या दिवशी कपाटातून काढलेला संच कामाला येत नाही. मोबाइलचे मनोरे वीज आणि तारांवर उभे असतात. ते परत उभे राहीपर्यंतचे पहिले दोन-तीन दिवस हेच हौशी रेडिओचे खरे क्षेत्र आहे.

अवकाशातही हौशी लवकर पोचले. स्पुटनिकनंतर जेमतेम चार वर्षांनी, १२ डिसेंबर १९६१ रोजी, कॅलिफोर्नियाच्या हॅमनी घरगुती सामानातून बनवलेला सुमारे साडेचार किलोचा 'ऑस्कर-१' एका अमेरिकी अग्निबाणावर, वजन भरून काढण्याच्या जागी बसून कक्षेत गेला. तो मॉर्समध्ये 'हाय' एवढेच म्हणे. त्या दोन अक्षरांच्या गतीवरून आतले तापमान कळे. ५ मे २००५ रोजी इस्रोने श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ ने ४२.५ किलोचा 'हॅमसॅट' सोडला. त्यातला एक ट्रान्सपाँडर (संदेश घेऊन पुन्हा खाली धाडणारा संच) भारतीय होता, दुसरा एका डच हॅमने बनवलेला. दोन वर्षांसाठी बनवलेला हा उपग्रह २०१४ पर्यंत चालला आणि कित्येक भारतीय विद्यार्थ्यांनी हातात धरलेल्या अँटेनाने त्यावरून पहिला संवाद केला. त्याच्या तोडीचा पुढचा उपग्रह मिळायला हवा होता.

संगणकाने या छंदाचे रूप पालटले. २०१२ मध्ये असे लक्षात आले, की टीव्ही पाहण्यासाठीचा एक स्वस्त यूएसबी डोंगल थेट लहरींचे नमुने संगणकाला देतो. मग रिसीव्हरचे उरलेले काम सॉफ्टवेअर करू शकते. काही हजार रुपयांत विमानांचे संकेत, अवकाश स्थानकाचे १४५.८ मेगाहर्ट्झवरचे बोलणे आणि हौशी पट्टे पडद्यावर उमटू लागले. २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी 'एफटी८' ही पद्धत आणली. टेलर हे भौतिकशास्त्राचे १९९३ चे नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ. पल्सार या ताऱ्यांचे क्षीण ठोके गोंगाटातून वेचण्याचा त्यांचा अनुभव या पद्धतीत उतरला आहे. पंधरा सेकंदांच्या चौकटीत दोन संगणक कॉल साइन आणि जागा एकमेकांना सांगतात, आणि कानाला ऐकूही न येणारा संदेश वाचला जातो. गच्चीवरच्या साध्या तारेवर, थोड्या शक्तीत, जग गाठता येते. जुन्या हॅमचा आक्षेप असा, की यात माणूस माणसाशी बोलतच नाही. आक्षेप रास्त आहे. पण ज्याच्याकडे इमारतीच्या गॅलरीपलीकडे जागा नाही, त्याला या पद्धतीने हवेवर ठेवले, हेही मान्य करावे लागते. आयनांबराचा अभ्यास म्हणून तर तिच्या नोंदींना स्वतंत्र मोल आहे.

हौशी कुतूहलातून रेडिओ खगोलशास्त्र ही एक संपूर्ण विज्ञानशाखा उभी राहिली, तिचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. ग्रोट रीबर या अमेरिकी हॅमने १९३७ मध्ये इलिनॉयमधल्या आपल्या घरामागे, स्वतःच्या पैशाने, साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी उभारली आणि आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींचा नकाशा काढला. जवळजवळ दशकभर या विषयात तो जगात एकटाच होता. आज नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या त्याच प्रकारच्या, मीटरभर लांबीच्या लहरी ऐकतात.

आजच्या अडचणी वेगळ्या आहेत. सामान मुबलक आहे, शांतता नाही. एलईडी दिवे, चार्जर, लिफ्टचे ड्राइव्ह, सौर इन्व्हर्टर यांच्या स्वस्त सर्किटांतून निघणारा गोंगाट शहरात चाळीस मीटरवर एवढा असतो, की दूरचे केंद्र त्यात बुडते. गृहनिर्माण संस्था गच्चीवर तार लावू देत नाहीत. मोबाइलच्या मनोऱ्याची भीती वीस मीटरच्या तांब्याच्या तारेलाही चिकटते. तिसरी अडचण आतली आहे. परवाना काढून तयार चिनी वॉकीटॉकी विकत घ्यायची आणि तेवढ्यावर थांबायचे, हा प्रकार वाढला आहे. असा परवानाधारक हॅम आहे, पण ज्या अधिकारासाठी परवाना वेगळा ठरतो, तो अधिकार तो वापरतच नाही. शाळा-महाविद्यालयांतल्या क्लबांनी पहिला संच विकत आणण्याऐवजी जोडायला लावावा, मग तो पाच वॅटचा का असेना.

सुरुवात ऐकण्यापासून करावी. ७.१ मेगाहर्ट्झसाठी १४३ ला ७.१ ने भागले की वीस मीटर येतात. तेवढी तांब्याची तार मधोमध तोडून दहा-दहा मीटरच्या दोन भुजा दोन झाडांमध्ये ताणल्या आणि मधून केबल खाली आणली की अँटेना झाली. बोलण्यासाठी मात्र परवाना हवा; त्याची परीक्षा दूरसंचार विभागाची वायरलेस नियोजन शाखा घेते. विषय दोन, रेडिओचे तत्त्व आणि नियम. वरच्या 'जनरल' श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मॉर्स लागते. 'रिस्ट्रिक्टेड' श्रेणीसाठी मॉर्सची अट नाही आणि वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही ती देता येते. या श्रेणीत उत्तीर्ण झाल्यावर मिळणारी कॉल साइन 'व्हीयू३'ने सुरू होते.